पुरे म्हणेपर्यंत

१

शनिवारी सकाळी आमच्या बेटावर कुणी कुणाला कुठे निघालीस म्हणून विचारत नाही. सगळ्या बायका खराटे घेऊन कबरस्तानाकडेच निघालेल्या असतात. रविवारी काडी इकडची तिकडे करायची सोय नाही, नुसता खराटा हातात दिसला तरी पाद्री सोमवारी घरी येऊन बसतो, म्हणून मेलेल्यांची झाडलोट शनिवारीच उरकून घ्यायची. लोसालिने आत्याही निघाली. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात खोबरेल तेलाची वाटी, कमरेला गुंडाळलेली नवऱ्याच्या दुखवट्याची जुनी चटई. मोसेसेला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण ती चटई तिने सोडली नव्हती. मान होता तिला त्या चटईने, आणि मान म्हटला की लोसालिने जागची हलायची नाही.

आमच्याकडे कबर म्हणजे पांढऱ्या वाळूचा उंचवटा आणि त्यावर पसरलेले बोराएवढे काळे, गुळगुळीत दगड. वाळू आमच्याच किनाऱ्यावरची. दगड मात्र समोरच्या काळ्या बेटावरून आणायचे. धूर ओकणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी तिथे मैलभर किनारा आहे, सगळा असल्याच दगडांचा. वाळूचा कण नाही. प्रत्येक लाट मागे जाताना ते दगड एकमेकांवरून घरंगळतात आणि सुपात शेंगदाणे पाखडावेत तसा आवाज होतो. शिडाच्या होड्यांतून गोरे लोक येतात, फोटो काढतात, जगात असा किनारा नाही म्हणतात. नसेलही. आम्हाला तो किनारा बघितला की आपापली मेलेली माणसं आठवतात, त्याला काय करणार.

आत्या कबरीशी बसली. दगड उचलायचा, पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं, परत ठेवायचा. हे काम ती डोळे मिटूनही करू शकली असती. सातवा की आठवा दगड हातात आला आणि त्यावर तेल बसेना. बोटाखालून सटकायला लागलं. दगड ओला होता.

दव पडलं असेल, ती मनाशी म्हणाली. पण शेजारच्या फानेच्या नवऱ्याची कबर कोरडी ठक्क होती. तिने इकडेतिकडे बघितलं आणि दगड जिभेला लावला. खारट. समुद्राच्या वाऱ्याने मीठ बसतंच की, ती परत स्वतःला म्हणाली. मग तिचं लक्ष पायथ्याकडच्या बाजूला गेलं. गेल्या शनिवारपर्यंत तिथे दगड विरळ होते, पांढरी वाळू उघडी पडली होती, आणि ती वाळू तिच्या डोळ्यांत खुपायची. आता तिथे दगडच दगड होते. काळे, ओले, बिनतेलाचे.

आत्याने वाटी उचलली आणि उरलेले दगड तसेच टाकून घरी आली.

२

त्या उघड्या वाळूपायीच सगळं झालं होतं. ऑकलंडहून मोसेसेकडची माणसं यायची होती. ती येणार, कबरस्तानात जाणार, फानेच्या नवऱ्याची कबर गच्च भरलेली बघणार आणि आपल्या माणसाची टक्कल पडल्यासारखी. ही कल्पनाच आत्याला सहन होईना. तिने भाच्याला बोलावलं.

फेलेटी तिच्या भावाचा, सेमिसीचा, एकुलता एक मुलगा. आमच्या बेटांवर बापापेक्षा आत्या मोठी. तिच्यासमोर भाचा उंचावर बसत नाही, तिच्या ताटातलं खात नाही आणि तिचा शब्द खाली पडू देत नाही. आत्यासाठी काही भरायचं असेल, कंद असोत, मासे असोत, तर ती टोपलीवर हात ठेवून पुरे म्हणेपर्यंत भाचा भरतच राहतो. मध्येच थांबायची पद्धत नाही. लहानपणी फेलेटीने असे एकदा दिवसभर नारळ वाहिले होते, कारण आत्या गप्पा मारत बसली आणि पुरे म्हणायचं विसरली. गाव अजून ती गोष्ट सांगून हसतं.

त्या दिवशी स्वयंपाकाच्या खोपटात दोघंच होते. काळ्या बेटावरून दगड आण, ती म्हणाली. फेलेटीने दाराबाहेर आभाळाकडे बघितलं. उद्या दक्षिणेचा वारा सुटेल आत्या, दोन दिवस थांबूया, असं तो खाली बघत म्हणाला. यावर तिने सरळ हो म्हणायचं की नाही. पण सरळ बोलली तर ती लोसालिने कसली.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या आतोबांना काय, उघड्यावर पडायची सवय आहे."

तो हसला. दुसऱ्या दिवशी पहाटे होडी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी होडी प्रवाळाच्या रांगेवर उपडी सापडली. फेलेटी सापडला नाही.

आता गंमत बघा. तो निघाला त्याच सकाळी फेलेटीची बायको एलेनोआ कपडे धुताना बायकांना म्हणाली होती की घरात माशाचं शेपूटही नाही, पोरीला काय घालू. बस, तेवढं पुरलं. हिच्या किरकिरीने तो असल्या वाऱ्यात मासेमारीला गेला, असं फाने म्हणाली, मग दुसरी म्हणाली, मग सेमिसीही म्हणाला. आत्याला कुणी काही विचारलं नाही. विचारणार कोण? ती मधल्या चटईवर बसली होती, घरातल्या सगळ्यांच्या वर. उद्या सांगीन, असं तिला वाटलं. खरंच वाटलं होतं, उगाच खोटं कशाला बोला. पण उद्या माणसं वाढली, परवा पाद्री आला, आणि मग ते सांगणं इतकं जड झालं की जिभेवरून हलेना.

नवव्या दिवशी शोध थांबवला आणि प्रार्थना झाली. मेलेल्याहून खालच्या मानाच्या माणसांनी केस कापून घ्यायचे, आणि कात्री आत्याच्या हातात. एलेनोआ तिच्यापुढे मांडी घालून बसली. केस कमरेपर्यंत होते पोरीचे.

"आत्या, मी त्यांना पाठवलं नाही," एलेनोआ हळूच म्हणाली. "तुम्ही तरी मानता ना?"

"डोकं हलवू नकोस," आत्या म्हणाली. "कात्री लागेल."

३

ते ओले दगड सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तिने आवाज ऐकला.

रविवारची दुपार आमच्याकडे कशी असते ते सांगतो. चर्चहून यायचं, जमिनीतली भट्टी उघडायची, कंद आणि नारळाच्या रसातलं मांस पोटभर खायचं आणि आडवं व्हायचं. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. सरकारचा कायदा आहे, देवाचा आहे, आणि पोटाचा तर आहेच. अशा दुपारी आत्याला कबरस्तानाच्या बाजूने दगड ओतल्याचा आवाज आला. एक टोपली, सावकाश, शेवटचे चार दगड झटकून. मग बराच वेळ काही नाही. मग परत.

ती उठून बसली. रविवारी काम कोण करतंय, हा तिचा पहिला विचार. भीती नंतर आली. आधी रागच आला.

सोमवारी जाऊन बघते तर मोसेसेची कबर गच्च भरली होती. इतकी सुंदर की गावात तशी दुसरी नव्हती. फाने आधीच तिथे उभी होती, ओठ घट्ट आवळून. कुणाची होडी ठरवलीस गं, तिने विचारलं, चांगले निवडून आणलेत. आत्याला खरं म्हणजे विचारायचं होतं की हे तू केलंस का. पण फानेच्या चेहऱ्यावरचा मत्सर इतका खराखुरा होता की विचारायची गरज उरली नाही. आणि त्या मत्सराने आत्याला, काय सांगू, बरं वाटलं. आहेत माझी माणसं, ती मोघम म्हणाली. आता बोला. दगड कुठून आले हे स्वतःला ठाऊक नाही आणि मान मात्र घेऊन टाकला.

घरी आल्यावर तिने नीट विचार केला. कुणी तरुण पोरांनी चर्चसाठी दगड आणले असतील आणि उरलेले इथे टाकले असतील. ऑकलंडच्या माणसांनी गुपचूप कुणाला सांगितलं असेल. दोन्ही कारणं ठीक होती. फक्त पाच आठवड्यांत काळ्या बेटावर गावातली एकही होडी गेली नव्हती. फेलेटीनंतर कुणाची हिंमतच झाली नव्हती.

४

कबर भरली तसे दगड कबरस्तानात मावेनासे झाले. मंगळवारी ते तिच्या अंगणात होते, फणसासारखी फळं येणाऱ्या झाडाखाली, नीट रचलेले. बुधवारी पायरीवर. गुरुवारी भर सकाळी ती पीठ मळत होती, पाणी घ्यायला वळली आणि रांजणात हात घातला तर बोटं दगडांवर आपटली. रांजण अर्धा भरला होता. ती खोलीतून हलली नव्हती. तिच्या पाठीमागे चार हातांवर रांजण, आणि आवाज म्हणून आला नव्हता.

उंदीर, तिने म्हणून बघितलं, आणि आपल्याच मूर्खपणाचं तिला हसू आलं. मग वाटलं, आपणच आणत असू. म्हातारपणात माणसं झोपेत चालतात. तिने आपले तळवे बघितले, नखं बघितली. कोरडी होती. पायांना वाळू नव्हती.

शुक्रवारी पायरीपासून फाटकापर्यंत ओलं होतं. पाऊस नव्हता. पावलं उमटली नव्हती, नुसतीच ओल, एका माणसाच्या रुंदीची, मध्येमध्ये जिथे ओझं टेकवावं तिथे जास्त. आत्या त्या ओलीकडे बघत उभी राहिली आणि मग तिला सगळं कळलं. कळलं म्हणजे तसं पहिल्या खारट दगडापासून कळलेलं होतंच. त्याला कुणी थांबवलं नव्हतं. तिने आण म्हटलं होतं आणि पुरे म्हटलं नव्हतं.

दोनच रस्ते होते. एक, सेमिसीला आणि पाद्र्याला आणि सगळ्या घराला बोलावून सांगायचं की पोराला मी पाठवलं, वारा माहीत असून पाठवलं. मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली असती, एलेनोआच्या माथ्यावरचा डाग धुतला गेला असता, आणि आत्या मधल्या चटईवरून उठून दारापाशी जाऊन बसली असती, जन्मभर. दुसरा रस्ता, त्याला एकट्यालाच पुरे म्हणून मोकळं व्हायचं. कुणाला कळायचं कारण नाही.

त्याच संध्याकाळी एलेनोआ आली, पोरीला कडेवर घेऊन. तीन वर्षांची पोर, नाव लोसा, आत्याने आपल्याच नावावरून ठेवलेलं. सासरे मला माहेरी धाडायचं म्हणतात, पोरीला ठेवून घेतो म्हणतात, असं तिने सांगितलं. तुम्ही एक शब्द टाकलात तर ऐकतील. आत्याने बघू म्हटलं. कापलेल्या केसांत एलेनोआ शाळकरी पोरीसारखी दिसत होती. जाताना पायरीवरचे दगड बघून ती थबकली. एक उचलून तिने गालाला लावला, का ते तिलाही कळलं नसावं, आणि परत ठेवून दिला.

५

रविवारी जेवण झाल्यावर आत्या घरात दाराकडे तोंड करून बसली. धुतलेला झगा घातला होता, कमरेची चटई नीट आवळली होती. भाच्यासमोर बसायचं तर रीतीने बसलं पाहिजे. बाहेर ऊन होतं. गाव झोपलं होतं.

आवाज फाटकाशी आला, मग अंगणात. ओझ्याखाली माणूस चालतो तसा, दमादमाने. दाराच्या बाजूला थांबला. फेलेटीला तशी सवयच होती, आत्या घरात असली की चौकटीच्या आडच थांबायचा, बोलावल्याशिवाय आत डोकावायचा नाही. चौकटीच्या कडेने एक टोपली पुढे सरकली. टोपली धरणारे दोन हात दिसले, मनगटापर्यंतच. ते फार दिवस पाण्यात राहिलेले हात होते, सोलून भिजत टाकलेल्या कंदासारखे पांढरे, आणि दगड उचलून उचलून बोटांची टोकं झिजली होती. किती झिजली होती ते तिने बघितलं आणि नजर वळवली.

तिला त्याची दया आली. ही गोष्ट लपवायची नाही. तिचा जीव होता त्याच्यावर. ती पुढे वाकली, टोपलीतल्या दगडांवर तळहात ठेवला. दगड बर्फासारखे गार होते.

"पुरे," ती म्हणाली. "खूप केलंस माझ्यासाठी. आता घरी जा."

हात तसेच राहिले थोडा वेळ. मग टोपली मागे सरकली. पावलं वळली, अंगणातून फाटकाकडे गेली. आत्याने श्वास सोडला. फाटकातून डावीकडे समुद्र, उजवीकडे गाव.

पावलं उजवीकडे गेली.

ती कान देऊन ऐकत राहिली. फानेच्या घरावरून गेली, विहिरीवरून गेली. गावाच्या टोकाला एकच घर आहे. घरी जा, असं तीच म्हणाली होती, आणि त्याचं घर कुठलं ते काय तिला सांगायला हवं होतं? आता उठायचं, धावत जायचं, ओरडून गाव जागं करायचं. पण गाव जागं झालं असतं तर विचारलं असतं, काय झालं आत्या, कुणाला हाक मारतेस. ती उठली नाही. गुडघे दुखत होते, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग लांबून दार उघडल्याचा आवाज आला. किंचाळी नाही, काही नाही. एलेनोआचा आवाज आला फक्त, एकच शब्द, नवऱ्याचं नाव, आणि त्या आवाजात इतका आनंद होता की आत्याने कान झाकून घेतले.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा ती चर्चला गेली. पुढच्या बाकावर बसली. नेहमीपेक्षा मोठ्याने गायली.

६

सोमवारी फानेनेच आरडाओरडा केला. एलेनोआचं घर उघडं होतं. आत सगळ्या जमिनीवर काळे दगड अंथरले होते, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कबरीवर अंथरतात तसे सारखे करून. झोपायची चटई ओली होती, पोरीचं पांघरूण ओलं होतं. माणसं नव्हती. बाईचं डोकं फिरलं, फाने म्हणाली, मी आधीपासून सांगत होते. गावातल्या सगळ्या होड्या जागच्या जागी होत्या. पुरुष विहीर बघायला गेले, मग प्रवाळाच्या रांगेकडे गेले.

आत्या धक्क्यावर जाऊन उभी राहिली. तिथे काय करायचं होतं तिला, कुणास ठाऊक. दहाच्या सुमाराला शिडाची एक होडी आली, एक गोरं म्हातारं जोडपं, पाव आणि नारळ घ्यायला उतरलेलं. रात्री काळ्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकून होते म्हणे. पहाटे तो किनारा बघितला आणि धन्य झालो, असं ती बाई सांगत होती. किती देश पालथे घातले, पण असलं काही बघितलं नाही. तिने कौतुकाने कॅमेऱ्यातला फोटो पुढे केला. आत्याने डोळे बारीक करून बघितलं.

काळा किनारा, पांढरा फेस, वर डोंगराचा धूर. आणि लांब, पाण्याच्या कडेला, दगड वेचायला वाकलेली माणसं. एक उंच, एक कापलेल्या केसांचं, आणि दोघांच्या मध्ये एक अगदी लहान.

"तुमच्याच गावातले का?" बाईने विचारलं. "आम्ही हात हलवला. लहान पोरीने परत हात हलवला. किती गोड."

आत्याने मान हलवली. हो की नाही, ते त्या बाईला कळलं नाही. जोडपं निघून गेलं आणि आत्या घरी आली.

सेमिसी आला तेव्हा उन्हं डोक्यावर होती. मागे आठ-दहा माणसं, दोन होड्यांची इंजिनं खांद्यावर घेतलेली. बहिणीच्या घरात भाऊ पाऊल टाकत नाही, म्हणून तो अंगणातच उभा राहिला, नजर खाली. दीड महिन्यात माणूस किती वाकला होता. पोरीला ठेवून घेतो म्हणणारा हाच.

"अक्का, घरातले दगड तिथलेच आहेत, काळ्या बेटाकडे जाऊन यावं म्हणतो," तो म्हणाला. "पोर लहान आहे. वारा चांगला आहे, दोन तासांत पोचू. तुम्ही काय म्हणता?"

तीन वर्षांच्या पोरीने सकाळी हात हलवला होता. हात हलवणारं पोर जिवंत असतं. आत्याला हे समजत होतं, अगदी स्वच्छ समजत होतं. आणि तिला हेही समजत होतं की होड्या तिथे पोचल्या तर एलेनोआ, ती जी काही उरली असेल ती, पहिल्या प्रश्नाला उत्तर देईल. हे काय करताय तुम्ही इथे? आत्यासाठी दगड वेचतोय. मेलेल्यांची भीती तिला त्या घटकेला वाटली नाही. मधल्या चटईवरून उठायची वाटली.

"इंजिनं खाली ठेवा," ती म्हणाली. "पोरीला घेऊन माहेरी गेली ती. पहाटेच्या लाँचने. मला सांगून गेली."

दर सोमवारी पहाटे सुटणारी लाँच आता गुरुवारी परत येणार होती, तोवर खरंखोटं करायला कुणी नव्हतं. आणि आत्याचा शब्द खरा की खोटा हे आमच्याकडे बघतं कोण. सेमिसीने एकदा, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, नजर वर करून बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याने मान खाली घातली, माणसांना खूण केली, आणि ती माणसं इंजिनं परत कोठारात ठेवायला निघून गेली.